हेल्मेट घालून माप

मी ड्रॅग रेस करते, म्हणजे सरळ रेषेत वेगानं गाडी पळवायच्या स्पर्धा. मला खरं तर रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर छप्पर खाली येऊ नये म्हणून सीटमागे बसवायची पाइपाची कमान, नको होता. हार्नेस, म्हणजे शर्यतीचा अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट, हवा होता. माझी पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, इथेच चाकणला तयार झालेली. कंपनीतून निघाली तेव्हा ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. आता इंजिनच्या संगणकाचा रीमॅप, मोठा इंटरकूलर आणि मोकळा एक्झॉस्ट यांच्यामुळे दुसऱ्या गिअरलाही पुढची चाकं सुटतात, म्हणजे पकड सोडून जागीच फिरतात. चाकं सुटली की गाडी डावी-उजवीकडे ओढते, आपण सीटवर सरकतो, आणि सरकताना हात आपसूक स्टिअरिंगला लोंबकळतात. ज्या हातांनी गाडी सरळ ठेवायची, तेच हात स्वतःला धरून बसायला खर्ची पडतात. म्हणून अंगाला दोन्ही बाजूंनी धरणारी बकेट सीट आणि सहा पट्ट्यांचा हार्नेस घ्यायचं ठरवलं. चार पट्ट्यांचा स्वस्त पडतो, पण त्यात मांड्यांच्या मधली पट्टी नसते. समोरून धक्का बसला की माणूस कमरेच्या पट्टीखालून पुढे घसरतो आणि पट्टी पोटात रुतते.

आता खांद्याच्या पट्ट्या मागे बांधायच्या कुठे? मागच्या सीटबेल्टच्या बोल्टांना बांधणारे पुष्कळ दिसतात. एफआयए या मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांचं परिशिष्ट ‘जे’ सांगतं की ही पट्टी सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना आडव्या रेषेखाली ४५ अंशांपेक्षा जास्त उतरू नये, १० अंशांच्या आत राहिली तर उत्तम. पट्टी फार खाली ओढली गेली तर धक्क्याच्या वेळी ती माणसाला मागे धरण्याऐवजी खाली दाबते आणि तो सगळा दाब मणक्यावर जातो. म्हणजे खांद्यांच्या उंचीला मागे एक आडवा पाइप हवा. नुसता आडवा पाइप पुढच्या दारांमागच्या दोन्ही खांबांमध्ये टाकून मिळतो, त्याला हार्नेस बार म्हणतात. पण त्यानं भलतीच अडचण होते. साध्या बेल्टमध्ये गाडी उलटली आणि छप्पर आत आलं, तर माणूस निदान कडेला कलंडतो. हार्नेसनं घट्ट आवळलेला माणूस ताठ बसलेला असतो, त्याला कुठेच जाता येत नाही. ताठ बसायचं असेल तर डोक्यावरचं छप्पर खाली येता कामा नये. असा एकातून एक धागा निघत निघत मी हार्नेसवरून रोल बारवर आले.

भावानं लगेच नियम काढून दाखवला. अमेरिकेच्या एनएचआरए या ड्रॅग रेसच्या संघटनेच्या नियमांत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात जाणाऱ्या गाडीला रोल बार लागतो, आणि ९.९९ किंवा त्याहून कमी वेळाला पूर्ण केज, म्हणजे पाइपांचा पिंजरा. माझी गाडी पंधराच्या आसपास जाते. "तुला कोणी मागितलाय?" हे बरोबरच होतं. पण आपल्याकडच्या या स्पर्धा धावपट्टीवर होतात, लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीसारख्या. धावपट्टी विमानांसाठी बांधलेली असते. डांबर संपलं की पुढे माती. आडवी घसरणारी गाडी डांबरावर सहसा उलटत नाही. ती कडेच्या मऊ मातीत जाते, चाक रुततं, आणि मग उलटते. त्याला ११ सेकंदांचा वेग लागत नाही.

पाइप विकत घेण्याआधी कायदा वाचला, आणि त्यानंच बारचा आराखडा ठरवला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: नोंदणीतला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. मालकानं परवानगीशिवाय बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझ्या आरसीवर पाच जण बसण्याची क्षमता लिहिलेली आहे. रोल बार आला की मागे कोणालाही बसवता येत नाही. विम्याच्या पॉलिसीत तर ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली आयोजित शर्यत आणि वेगचाचणी सरळ वगळलेली असते. तो कागद आपण गाडी घेताना सही करून कप्प्यात टाकलेला असतो, इतकंच.

त्यामुळे जमिनीला वेल्ड करून टाकायचा बार बाद. माझा बार बोल्टचा असणार, स्पर्धेआधी बसवायचा, स्पर्धेनंतर काढायचा. तो बसवलेला असताना गाडी रस्त्यावर चालवायची नाही, फ्लॅटबेडवर टाकून न्यायची. मधल्या काळात मागची सीट जागेवर, कंपनीचे बेल्ट जागेवर. यात आईचाही वाटा आहे. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुझं लोखंड मागे बसणार, मग मी कुठे बसू?"

भोसरी एमआयडीसीत एका गल्लीत कंपन्यांसाठी जिग-फिक्श्चर बनवणारं छोटं वर्कशॉप आहे. मालक टेल्कोच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी गाड्यांचं असलं काम केलेलं नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. केलेलं आहे म्हणणारे दोघे भेटले होते. एकानं मोबाईलवर जिप्सीच्या हौद्यावर बसवलेला चकचकीत स्टीलचा बार दाखवला. तो शोभेचा बार, त्यावर दिवे लावतात आणि हात धरून उभं राहतात. दुसऱ्यानं तर "उद्या संध्याकाळी घेऊन जा" असं सांगितलं, गाडी न बघता.

काकांनी गाडी बघितली, मी छापून नेलेली एफआयएची पानं बघितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ताई, माप कशाचं घ्यायचं? गाडीचं का तुमचं?"

या प्रश्नावर काम पुढे सरकलं. कारण बहुतेक जण गाडीचं माप घेतात. छप्पर इतकं, रुंदी इतकी, ठोका पाइप. पण बारचा वरचा भाग चालवणाऱ्याच्या हेल्मेटच्या किमान तीन इंच वर असावा आणि डोक्याच्या मागे सहा इंचांच्या आत असावा असं एनएचआरए सांगते. हेल्मेट घातलेलं, हार्नेस आवळलेला, सीट नेहमीच्या जागी. म्हणजे आधी सीट पक्की हवी. सीट इंच-दीड इंच हलली की सगळी मापं हलतात. आम्ही आधी बकेट सीट खाली घेऊन बसवली, मग छताचं अस्तर उतरवलं, आणि मग मी मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये, दारं बंद केलेल्या गाडीत, हेल्मेट घालून बसले. शेजारच्या शेडमधली पोरं चहाचे ग्लास हातात घेऊन बघायला आली. काकांनी छताच्या पत्र्याला चुंबक लावून त्याला ओळंबा सोडला, हेल्मेटच्या मागच्या टोकाला स्पर्श होईल असा. दोरा स्थिर झाला, तेव्हा खालच्या पत्र्यावर खडूनं रेघ मारली. मग दुसरा ओळंबा त्याच्या मागे चार बोटांवर. "हालू नका." मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

खांद्यांचंही तसंच. आडव्या पाइपाची उंची माझ्या खांद्यांवरून ठरली. पट्टी मागे जाताना किंचित उतरेल, पण वर अजिबात चढणार नाही अशी. मी पाच फूट तीन इंच. माझ्या हेल्मेटच्या वर बारला ऐसपैस जागा निघाली.

मग भाऊ बसला. भाऊ सहा फुटी, आणि गाडी अर्धी आपली आहे असं त्याचं मत आहे. हेल्मेट घालून ताठ बसल्यावर त्याचं डोकं उघड्या छताच्या पत्र्याला टेकायला बोटभर बाकी राहिलं. बार छपराच्या आतच राहणार, त्यामुळे तीन इंच मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आणि माझ्या खांद्यांना जुळणारा आडवा पाइप त्याच्या पाठीच्या मध्यावर आला, म्हणजे पट्ट्या तीव्र कोनात खाली. काकांनी वर बघितलं, खाली बघितलं. "दादांना बसवायचं तर छप्पर उचलावं लागेल." दोघांना जमेल असं मधलं माप काढायचा आग्रह त्यानं बराच वेळ धरला. मधलं माप म्हणजे दोघांनाही न होणारं. बार माझ्या मापाचा झाला. त्यावरून आमच्याकडे अजूनही अधूनमधून धुसफूस होते.

पाइप. एफआयएच्या कलम २५३ प्रमाणे मुख्य कमान ४५ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० आणि २.०. धातू कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढलेल्या बिनजोड नळीचं, साधं कार्बन स्टील. बाकीच्या नळ्या ३८ × २.५ किंवा ४० × २. आपल्याकडे वाहनांच्या नळ्यांसाठी आयएस ३०७४ हे मानक आहे, त्यात ईआरडब्ल्यू (वेल्ड केलेला), सीडीएस (कोल्ड ड्रॉन सीमलेस) असे प्रकार असतात. मला सीडीएस हवा होता. एका व्यापाऱ्यानं "सीमलेसच आहे, २.५ आहे" म्हणून सहा मीटरचा नग काढून ठेवला. काकांनी पाइपाच्या टोकात तर्जनी घातली आणि आतून गोल फिरवली. एका जागी बोट अडखळलं. ईआरडब्ल्यू पाइप म्हणजे पट्टी गोल वळवून कडा जोडलेली, आत त्या जोडाचा बारीक उंचवटा राहतो. मग व्हर्नियर लावला: २.१. व्यापारी म्हणाला, "साहेब, कोणाला कळतंय, वर रंगच मारणार ना?" काकांनी व्हर्नियर पुसून खिशात ठेवला आणि आम्ही निघालो. ईआरडब्ल्यू वाईटच असतो असं नाही. एनएचआरए साधं स्टील चालवून घेते, पण मग जाडी ०.११८ इंच, म्हणजे तीन मिलिमीटर मागते. पातळ ईआरडब्ल्यूला यातलं कुठलंच पुस्तक हो म्हणत नाही. आणि पाण्याचा जीआय पाइप तर विषयच नको. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या वेळी जळतो आणि तो धूर छातीत जातो.

वाकवायला मँड्रेल बेंडिंग लागतं. प्लंबरचं हायड्रॉलिक यंत्र पाइप वाकवतं, पण आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि बाहेरची बाजू चपटी होते. मँड्रेल म्हणजे वाकताना पाइपाच्या आत आधार देणारा ठोकळा. पिंपरी-चिंचवडमध्ये असल्या यंत्रांची वानवा नाही, पण डाय, म्हणजे वाकवायचा साचा, जुळायला हवी. वाकाची त्रिज्या मध्यरेषेवर व्यासाच्या तिप्पट तरी हवी, म्हणजे माझ्यासाठी १३५ मिलिमीटर. एका ठिकाणी ४५ ची डाय होती, पण सायलेन्सरसाठीची, दीडपट त्रिज्येची. शेवटी ट्रॅक्टरच्या छतांचे सांगाडे वाकवणाऱ्या शेडमध्ये हवी ती डाय मिळाली. तिथल्या पोरानं आमचा तारेचा फर्मा बघून चार वाक मारले, दोन वर खांद्यापाशी आणि दोन कमरेत. वाकलेल्या जागी पाइप थोडा लंबगोल होतोच. लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीपेक्षा कमी नको अशी अट आहे. व्हर्नियर चारही वाकांवर फिरवला, ४३ च्या खाली कुठेच गेला नाही. पाय सुटल्यावर थोडे फाकले, ते काकांनी क्लॅम्पमध्ये धरून आणले जागेवर.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जमिनीनं. गाडीची जमीन सपाट असते असं आपल्याला गालिच्यामुळे वाटतं. गालिचा, त्याखालचा फोम, आवाज दाबणारे डांबरी तुकडे काढल्यावर खाली नुसते खाचखळगे. पत्रा मिलिमीटरभर जाडीचाही नाही. कमानीचा पाय नुसता त्यावर ठेवला आणि गाडी उलटली, तर पाइप पत्र्यातून बिस्किटात चमचा जावा तसा आरपार जाईल आणि बार आपल्या जागी राहून छप्पर खाली येईल. म्हणून पायाखाली तीन मिलिमीटरची प्लेट, पत्र्याच्या खालून दुसरी प्लेट, मध्ये पत्रा दाबलेला. एफआयए १२० चौरस सेंटीमीटर आणि किमान तीन एम ८ (८ मिलिमीटरचे) बोल्ट मागते, एनएचआरए सहा बाय सहा इंच आणि चार बोल्ट. आम्ही मोठं माप धरलं. प्लेट सपाट ठेवून चालली नसती, म्हणून तिची एक कड उंबऱ्याच्या, म्हणजे सिलच्या, उभ्या बाजूवर वळवली. आधी पुठ्ठ्याचा फर्मा, तो बसेपर्यंत कात्री, मग पत्रा, मग प्लेट. डाव्या आणि उजव्या बाजूचा फर्मा एकमेकांना जुळला नाही. कंपनीत दोन्ही बाजू सारख्या असतील हाही एक गैरसमज गेला.

आणि खाली काय आहे ते आधी बघायचं. पोलोत पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खाली असते. सिलच्या कडेनं वायरिंगचा जुडगा जातो. गाडीखालून पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात. गाडी लिफ्टवर घेतली, नळ्यांच्या क्लिपा सोडून त्या बाजूला बांधल्या, बॅटरी काढली. काकांनी ड्रिलच्या बिटावर पाइपाचा तुकडा बाहीसारखा चढवला, बिटाचं जेमतेम पाच मिलिमीटर टोक बाहेर राहील इतका. म्हणजे पत्रा फुटल्यावर हात घसरला तरी ड्रिल पुढे जाणार नाही. मला हा प्रकार फार आवडला. छिद्रांच्या कडा कानशीनं घासून लगेच प्रायमर, नाहीतर पुण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. खालच्या प्लेटच्या भोवती सीलंट. बोल्ट एम १०, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा दर्जा कोरलेले. बिनआकड्याचा बोल्ट काकांनी हातातसुद्धा घेतला नाही.

मागचे दोन तिरके पाइप कमानीच्या वरच्या वाकापासून मागच्या चाकांच्या कमानींवर उतरतात. हे तिरके आधार उभ्या रेषेशी किमान ३० अंश करायला हवेत, नाहीतर कमान मागे-पुढे धरली जात नाही. बार दारातून आत-बाहेर करायचा असल्यामुळे ते वेल्ड न करता सुटे ठेवले. कमानीला दोन कान वेल्ड केले, मध्ये आधाराची जीभ, आणि त्यातून आरपार बोल्ट. बोल्ट दोन्ही बाजूंनी धरला जातो, एका बाजूनं लटकत नाही. कमानीच्या आत एक तिरपा पाइप माझ्या डोक्यामागच्या कोपऱ्यातून डाव्या पायाकडे, आणि तो आडवा हार्नेसचा.

टॅक, म्हणजे भाग जागेवर धरणारे ठिपके, मारण्यापुरतं वेल्डिंग गाडीत झालं, काचांवर आणि डॅशबोर्डवर ओल्या गोण्या टाकून. पक्कं वेल्डिंग बार बाहेर काढून टेबलावर. बाहेर कसा काढला? डावीकडची सीट काढून, पुढच्या दारातून तिरका करत, दोन माणसं आणि बऱ्याच शिव्या. पाइपाला पाइप जोडताना टोकाला नॉच मारावा लागतो, म्हणजे एक पाइप दुसऱ्याच्या गोलाईवर चपखल बसतो. फट राहिली की वेल्डर ती मसाल्यानं भरतो. दिसायला छान, ताकद शून्य. काकांनी उरलेल्या तुकड्यांचा एक नमुना जोड केला, करवतीनं मधोमध कापला आणि मला दाखवला. वेल्ड पाइपाच्या अंगात किती उतरला ते कापल्यावर दिसतं. पहिल्या नमुन्यात नुसता वर बसला होता, करंट वाढवला, दुसरा चांगला आला. मग खरं काम.

वेल्ड ग्राइंडरनं घासायचे नाहीत. घासलं की जाडी जाते, आणि तपासणाऱ्याला आत काय झालं ते कळत नाही. हे सांगूनही रंगाऱ्यानं जोडांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायला सुरुवात केलेली होती. "मॅडम, एकदम प्लेन करून देतो, जोड दिसणारच नाही." जोड दिसायला हवा हे त्याला काही केल्या पटेना. आयुष्यभर जोड लपवण्याचे पैसे घेतलेला माणूस तो. शेवटी लांबी खरवडून काळा मॅट रंग मारून घेतला.

सगळा बार प्लेटांसकट पंचवीस किलोच्या आसपास भरला. मागची सीट निघते तेव्हा त्यातलं बरंच वजन वळतं होतं. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असती तर मागच्या वजनाचा सुटताना पकडीला थोडा उपयोगही झाला असता. पोलो पुढच्या चाकांवर, त्यामुळे तेही नाही.

आता पॅडिंग. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम पुण्यात कुठेही मिळतो आणि निम्म्या गाड्यांत बारवर तोच असतो. बोटानं दाबला की आतला पाइप लागतो. डोकं बोटापेक्षा बरंच जड आहे. बारसाठीचं पॅडिंग, एफआयए ८८५७-२००१ किंवा एसएफआय ४५.१ या मानकांचं, हाताला जवळजवळ लाकडासारखं कडक लागतं. ते हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी आहे. उघड्या डोक्याला त्याचा भरवसा नाही, आणि बार लावलेली गाडी रस्त्यावर का चालवायची नाही याचं कायद्यापलीकडचं कारण हेच. कर्वे रोडवर सिग्नलला मागून कोणी ठोकलं की कंपनीची सीट मागे लवते, डोकं मागे जातं. एरवी मागे हवा असते. आता तिथे अडीच मिलिमीटर जाडीचं लोखंड आहे. धावपट्टीवर जो पाइप जीव वाचवतो तोच इथे कवटी फोडतो. "बार लावलाय, सेफ आहे" असं म्हणत रोज ऑफिसला जाणारे भेटतात, त्यांना मी एवढंच विचारते की हेल्मेट घालून जाता का.

हेल्मेटसुद्धा बाइकचं चालत नाही. हेल्मेटचे दर्जे ठरवणाऱ्या स्नेल या संस्थेचे ‘एम’ आणि ‘एसए’ हे दोन वेगळे दर्जे आहेत. गाड्यांसाठीच्या ‘एसए’मध्ये आगीची चाचणी असते आणि हेल्मेट पुन्हा पुन्हा बारवर आपटण्याची चाचणीही असते. ‘एम’मध्ये या दोन्ही नाहीत. हेल्मेट आणि हार्नेस यांनी मिळून बारच्या दुपटीहून जास्त पैसे नेले. हार्नेसवर शेवटची तारीख शिवलेली असते, दुधाच्या पिशवीइतकी ठळक, पण जुना हार्नेस विकणारे नेमका तोच कोपरा फोटोत घेत नाहीत.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी गाडी फ्लॅटबेडवर चढवून लोणावळ्याला. तपासणीला दोघे जण होते. एकानं बार दोन्ही हातांनी धरून हलवला, गाडी हलली, बार नाही. किल्लीनं जोडांवर टिचक्या मारल्या, वाकून खालच्या प्लेट बघितल्या, हार्नेसचं लेबल उलटून तारीख वाचली. मला वाटलं होतं कमानीबद्दल विचारतील. विचारलं सीटबद्दल: सीटचे बोल्ट कुठल्या दर्जाचे, आणि सीटच्या रुळाखाली प्लेट आहे का. होती. दुसऱ्यानं मला बसवून हार्नेस आवळला, हेल्मेट घातलं आणि डोकं मागे टेकवायला सांगितलं. बार आणि हेल्मेट यांच्यामध्ये त्याचा हात गेला, तिथे त्यानं समाधानानं मान डोलावली.

धावण्याचंच म्हणाल तर वेळ आधीसारखीच, उगाच किंचित जास्त. फरक पहिल्या साठ फुटांत जाणवला. चाकं सुटली, गाडी डावीकडे ओढली, आणि अंग जागचं हललं नाही. हात फक्त स्टिअरिंगवर होते, सुधारणा बोटांनी झाली. दुसरा गिअर टाकताना खांदा पुढे येत नाही म्हणून गिअर लिव्हर किंचित लांब वाटतो. त्याच्यावर उपाय म्हणून लिव्हर उंच करून घेणार आहे.

परत आल्यावर बार काढायला एक अख्खी संध्याकाळ जाते. नायलॉन असलेले नट दरवेळी नवे घालायचे, एकदा आवळून सोडलेल्या नायलॉनची पकड जाते. नटांची आख्खी पिशवी आणून ठेवली आहे, कारण घाईच्या वेळी माणूस जुनाच नट फिरवतो. खालच्या प्लेट गाडीलाच राहतात, छिद्रांत रबरी बुचं. पावसाळ्यात एकदा लिफ्टवर घेऊन सीलंट बघायचं. काढलेला बार गॅलरीत भिंतीला उभा असतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "हे नक्की काय आहे?" म्हणून चौकशी केली, आणि आईनं एका ढगाळ दिवशी त्यावर दोन चादरी वाळत घातल्या.

भावानं आता स्वतःसाठी जुनी गाडी शोधायला घेतली आहे. जाहिरातीतल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला तो मायलेज विचारत नाही, मेंटेनन्स विचारत नाही. हेल्मेट घेऊन येतो, एकदा आत बसून बघू का, एवढंच विचारतो. दोघा मालकांनी फोन ठेवून दिला.